परसातल्या लाइटांना स्विच कोणता बसवावा? आई गावी एकटी असते

तावरजाकाठ
नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण माझा निर्णय होईना.

आमचं घर औसा तालुक्यात, १९९३ च्या भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या गावात. ही गावं ज्यांनी पाहिलीत त्यांना ठाऊक आहे, जुन्या गावात भिंतीला भिंत होती. इथं प्लॉट सुटे, रस्ते रुंद, घराच्या चारी अंगाला मोकळं. दिवसा बरं वाटतं. रात्री शेजाऱ्याला हाक मारली तर ऐकू जाईलच असं नाही. वडील गेल्यापासून आई एकटी, मी पुण्याला. परसात तिनं पेरू, कढीपत्ता, मोगरा, शेवंती लावलीय, मागच्या कोपऱ्यात मोठा कडुलिंब. संडास-न्हाणी परसातच, मागच्या दारापासून वीसेक पावलांवर.

श्रावणात मी मागच्या भिंतीवर ५० वॅटचा फ्लडलाइट लावून दिला. त्याचं बटण पडवीत, बाहेरच्या खांबावर. ते दाबायला बाहेर जावं लागतं म्हणून आई लाइट रात्रभर चालूच ठेवते. गेल्या महिन्यात पलीकडच्या गल्लीतल्या शेळ्या चोरीला गेल्या, तेव्हापासून तिची झोप उडालीय. अजून दोन लाइट लावायचेत, एक फाटकाकडं आणि एक न्हाणीच्या वाटेवर.

टायमर घ्यावा, अंधार पडला की लागणारा सेन्सर घ्यावा, माणूस आला की लागणारा घ्यावा, की मोबाइलवरचा?

अजून एक. दिवाळीत पाहिलं, आई ते खांबावरचं बटण हातानं दाबत नाही, लाटण्याच्या टोकानं दाबते. विचारलं तर म्हणाली, "पावसाळ्यात हाताला मुंग्या येतात रे." याचं काय करावं?

वायरमन_उदगीर
दादा, बाकी सगळं बाजूला ठेवा. तुम्ही शेवटी लिहिलेलं मी सगळ्यात आधी वाचलं. आत्ता आईला फोन करा. त्या बटणाला हात लावायचा नाही, लाटणंही लावायचं नाही, ओलं लाकूड काही वाचवत नाही. शेजारच्या जाणत्या पोराला बोलवून त्या लाइनीचा एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला खटका, खाली पाडा. दोन-चार दिवस चार्जिंगच्या बॅटरीवर काढा.

मुंग्या येतात याचा अर्थ बोर्डात ओल शिरलीय आणि अर्थिंग काम करत नाही. आपल्याकडं हे फार. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, मातीची पकड सुटते. खड्ड्यात पाणी घालायची आठवण कुणाला राहत नाही. मेन बोर्डात ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणारा खटका, बसवल्याशिवाय बाहेर नवा एकही लाइट लावू नका. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. हे दोन वेगळे आहेत.

तावरजाकाठ
फोन केला. एमसीबी पाडला. आई म्हणाली, "एवढं काय त्यात." माझे मात्र हात गार पडलेत. आभार.

काळीमाती
वायरमन दादांना +१. आता मूळ प्रश्न.

माझं मत अंधार पडला की लागणाऱ्या सेन्सरला, म्हणजे फोटोसेलला. आमच्या शेतातल्या आखाड्यावर सहा वर्षांपासून आहे. तीन वायरी असतात, एक फेज, एक न्यूट्रल, तिसरी लाइटकडं. कोणता रंग कशाचा ते डब्यावरचं चित्र बघून जोडा, अंदाजानं नको. लाइट जाऊ द्या, येऊ द्या, त्याला वेळेशी देणंघेणं नाही. अंधार दिसला की लावतो, उजाडलं की बंद.

फक्त बसवायची जागा बघा. स्वतःच्याच लाइटचा उजेड त्याच्यावर पडला तर तो लाइट लावतो, मग "उजाडलं" समजून बंद करतो, पुन्हा लावतो. रात्रभर हा खेळ. आणि कडुलिंबाच्या दाट सावलीत लावला तर चार वाजताच संध्याकाळ करून टाकतो.

एकदा आमचा लाइट भर दुपारी चालू, दिवसचे दिवस. मी सेन्सर बिघडला म्हणून नवा आणला. शिडी लावून वर चढलो तर कुंभारीण माशीनं त्याच्या डोळ्यावर मातीचं घर बांधलेलं, बोटभर लांबीचं, लिंपून गुळगुळीत केलेलं. नखानं खरवडलं आणि लाइट बंद. तेव्हापासून पोळ्याला आणि होळीला असं वर्षातून दोनदा फडकं मारतो.

सांजवात
मी परभणीची. आमच्याकडं टायमर आहे, तो फिरत्या चकतीचा, पिना खालीवर करायच्या. तो घेऊ नका हे सांगायला आले.

दिवसाची लांबी बदलते. आपल्या भागात नोव्हेंबरअखेर पावणेसहाच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि जूनअखेर सातच्या पुढं जातो. सव्वा तासाचा फरक. म्हणजे वर्षातून चार-पाच वेळा पिना सरकवत बसा. त्यातून चकती चालते विजेवर. लाइट दोन तास गेली की चकती दोन तास थांबते, आणि घड्याळ दोन तास मागं. मागच्या वैशाखात आमचा लाइट रात्री साडेनवाला लागायला लागला आणि सकाळी ऊन येईपर्यंत जळत राहिला. ज्यांच्या गावात लाइट जात नाही त्यांनीच तो बसवावा.

बालाघाट
सांजवात ताई, डिजिटल टायमर घ्या ना. आत बॅटरी असते, वेळ चुकत नाही. त्यातही सूर्यास्तावर चालणारे येतात, गावाचे अक्षांश-रेखांश एकदा भरले की रोजची वेळ तेच काढतात. धूळ नको, माशी नको. आमच्या शाळेच्या मैदानाला तेच आहे.

काळीमाती
बालाघाट, बरोबर, पण ते आईला दुरुस्त करता येईल का? एकदा कुणी भलतंच बटण दाबलं की सगळं सेटिंग बदलतं.

गोदाकाठची
तुम्ही सगळे रात्रभर लाइट चालू ठेवायचंच बोलताय. माझा अनुभव वेगळा.

आम्ही गंगाखेडजवळ राहतो. तीन वर्षांपूर्वी माणूस हलला की लागणारा सेन्सर लावला. लाइट अचानक लागतो ना, तीच खरी गोष्ट. रात्रभर जळणाऱ्या लाइटकडं कुणी बघत नाही, आणि चोरालाही काम करायला उजेड मिळतो. अंधारात एकदम लख्ख झालं की आपल्याला जाग येते, समोरच्यांनाही येते. वीजही बघा. ५० वॅटचा एक लाइट बारा तास म्हणजे दिवसाला ०.६ युनिट, महिन्याला १८. तीन लाइट लावले की ५४. सेन्सरवर सगळे मिळून रात्रीतून अर्धा-एक तास चालतात.

त्रासही सांगते. सुरुवातीला कुत्रं आलं की लाइट, मांजर आलं की लाइट, वारा सुटला की लिंबाची फांदी हलून लाइट. मग समजलं की तो हालचालीपेक्षा उष्णतेतला फरक ओळखतो. फांदीमागं तापलेली भिंत असली की फसतो. सात-आठ फुटांवर लावला, तोंड किंचित खाली केलं, भिंतीकडून वळवून वाटेकडं केलं. माणूस सेन्सरच्या समोरून आडवा गेला की लवकर ओळखतो, सरळ त्याच्याकडं चालत आला की उशिरा. म्हणून वाटेच्या टोकाला लावू नका, कडेला लावा.

आणि मे महिन्यात तो अर्धा आंधळा होतो. रात्री नऊ वाजतासुद्धा आपल्याकडं अंगण आणि भिंती माणसाच्या अंगाइतक्या तापलेल्या असतात, मग त्याला फरकच दिसत नाही. पहाटे पुन्हा नीट चालतो.

सांजवात
मेचं तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं! आमच्या जावेकडचा सेन्सर दर उन्हाळ्यात "बिघडतो" आणि मृगात "दुरुस्त" होतो. तिनं दोन बदलले.

सालगडी_नको
माझा विरोध नोंदवा. आमच्या विहिरीवरची केबल दोनदा गेली, स्टार्टर एकदा. सेन्सरचा लाइट होता तेव्हाच गेली. चोर चार दिवस आधी येऊन बघतो. लाइट लागला, कुणी उठलं नाही, की समजतो इथं कुणी नाही. आता मी रात्रभर चालू ठेवतो, रस्त्यावरनं जाणाऱ्याला दिसतं. एकट्या बाईच्या घराला अंधार नको.

गोदाकाठची
दादा, तुमची विहीर गावाबाहेर, तिथं जागं होणारं माणूसच नाही. इथं आई घरात आहे. प्रश्न वेगळा.

सालगडी_नको
हे मात्र पटलं. शेतातली गोष्ट शेतात. त्यातून आमची लाइन शेतीची, थ्री फेज कधी दिवसपाळीला, कधी रात्रपाळीला. सेन्सर असून लाइट नसली तर उपयोग काय.

लिंबोणी
मध्येच विचारते, माफ करा. आमचा अंगणातला एलईडी बटण बंद केल्यावरही मिणमिणत राहतो. सासूबाई म्हणतात घरात काहीतरी आहे. कशानं होतं?

वायरमन_उदगीर
ताई, तीनपैकी एक. बटणात लाल इंडिकेटर असेल तर त्यातून बारीकसा करंट जातो, एलईडीला तेवढा पुरतो. दुसरं, लांब वायर चालू फेजच्या शेजारून ओढली असेल तर तिच्यात थोडा दाब उतरतो. तिसरं आणि वाईट म्हणजे बटणावर फेजऐवजी न्यूट्रल तोडलेला असेल. मग बटण बंद असतानाही होल्डरमध्ये करंट असतो. बल्ब बदलायला गेलेला माणूस "बटण बंद आहे" म्हणून हात घालतो. टेस्टर लावून बघायला सांगा, आणि तोवर बल्बला हात नको. सासूबाईंना सांगा, घरात काही नाही, बटणात आहे.

लिंबोणी
इंडिकेटरचंच बटण आहे! टेस्टरनं पण बघून घेतो. सासूबाईंना वाचून दाखवलं.

चाकण_ते_कळंब
तावरजाकाठ, मीही तुझ्यासारखाच. मी चाकणला, आई-बाबा कळंब तालुक्यात. मी वायफायचा स्विच लावला होता. पहिले पंधरा दिवस फार बरं वाटलं. संध्याकाळी कंपनीतून बसमध्ये बसलो की मोबाइलवर लाइट लावायचा, गावाकडचं अंगण उजळलं असं वाटायचं.

अडचणी दोन. लाइट गेली की राउटर बंद. आली तरी नेट यायला वेळ. राउटर इन्व्हर्टरवर घेतला तरी टॉवरच बंद पडतो. दुसरी अडचण मला महिन्याभरानं कळली. आई दिवेलागणीला तुळशीपुढं दिवा लावते, मग देवघरात, मग अंगणातला लाइट. हा तिचा क्रम होता. मी लांबून लाइट लावायला लागलो आणि तिचं ते एक काम गेलं. ती काही बोलली नाही. बाबांनी फोनवर सांगितलं, "तुझी आई बटणापाशी जाऊन परत येते." मी स्विच काढून साधं बटण लावलं, घराच्या आत.

मांजरा_माई
चाकण_ते_कळंब, वाचून डोळ्यात पाणी आलं लेकरा.

मी स्वतः ६८ वर्षांची, एकटी राहते, केजजवळ. म्हणून आईच्या बाजूनं सांगते. आम्हा बायांना रात्री भीती अंधाराची नसते, अंधारात बाहेर पाऊल टाकायची असते. आधी आतून उजेड करून, खिडकीतनं बघून, मग कडी काढता आली पाहिजे. पावसाळ्यात माझ्या उंबऱ्याशी मण्यार होती. काळी, पांढऱ्या पट्ट्यांची, चप्पलेच्या कडेला वेटोळं. बटण माझ्या उशाशी होतं म्हणून मी ती आतून पाहिली. बटण बाहेर असतं तर माझा पाय तिच्यावरच पडला असता. सेन्सर लावा, काय लावायचं ते लावा, पण एक बटण बाजेवरनं हात पोचेल तिथं द्या. आणि ते मोठं द्या, अंधारात चाचपडून सापडेल असं.

काळीमाती
माई, तुम्ही सांगितलंत तेच खरं. आम्ही सेन्सरवर भांडत बसलो.

वायरमन_उदगीर
माईंचं काम सोपं आहे. सेन्सरकडं येणाऱ्या फेजपासून लाइटकडं जाणाऱ्या वायरीपर्यंत एक बटण समांतर टाकायचं. बटण बंद असेल तर सेन्सर त्याच्या मतानं चालतो. बटण दाबलं की सेन्सर काही म्हणो, लाइट लागतो. मुलानं फिटिंगवाल्याला एवढंच सांगावं: "सेन्सरला बायपास बटण, घरात."

घरात थ्री फेज असेल तर बटणाला आणि सेन्सरला एकच फेज पाहिजे. वेगवेगळ्या फेज आल्या तर बटण दाबताच दोन फेज भिडतील. न्यूट्रलही त्याच सर्किटचा. दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल उसना घेतला की आरसीसीबी सारखा पडतो, आणि मग लोक कंटाळून तोच काढून टाकतात.

दोन-तीन एलईडीला साध्या सेन्सरचा रिले, म्हणजे त्याच्या आतला छोटा स्विच, पुरतो. दहा-बारा फ्लडलाइट एका सेन्सरवर टाकले तर चालू होतानाचा झटका मोठा असतो, आतला संपर्क चिकटतो, लाइट बंदच होत नाही. तिथं मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा भार झेलणारा वेगळा स्विच, लागतो. पण आपल्याकडं व्होल्टेज पडलं की कॉन्टॅक्टर कटकट करतो, म्हणून घराला नकोच.

बालाघाट
लाइटचा रंगही बघा. पांढऱ्याशुभ्र लाइटवर किडे जास्त येतात, पिवळसरवर कमी. किड्यांमागं बेडूक, पाली, त्यांच्यामागं साप. मृगाच्या पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे कडुलिंबावर येतात, त्या झाडाजवळ रात्रभर पांढरा लाइट म्हणजे आपण अंगणातच प्रकाश सापळा लावल्यासारखं. शेतात तो मुद्दाम लावतात, घराला कशाला?

सालगडी_नको
लाइटवरून आठवलं. आमचं सोयाबीन रस्त्याच्या खांबाखाली हिरवंच राहतं. दसऱ्याला सगळं रान पिवळं होऊन पानं गळालेली, काढणी चालू, आणि खांबाखालचा एक गोल तुकडा हिरवागार. शेंगाही मोजक्याच. दरवर्षी तेवढं सोडून काढतो. रात्रभर उजेड असला की सोयाबीनला दिवस लांबच वाटतो, ते पिकायचं नाव घेत नाही.

तावरजाकाठ
थांबा थांबा. सालगडी_नको, आमच्या शेवंतीला यंदा कळीच नाही. आई रोज फोनवर म्हणते, पानं बघ कशी तरारली आहेत, फूल एक नाही. लाइट श्रावणापासून रात्रभर वाफ्यावरच आहे. तेच का?

गोदाकाठची
तेच! शेवंतीला लांब रात्र लागते तेव्हा ती कळी धरते. फुलशेती करणारे मुद्दाम रात्री बल्ब लावून तिचं फुलणं पुढं ढकलतात, बाजाराची तारीख साधायला. तुम्ही नकळत तेच केलंत. लाइट वाफ्यावरून हटवा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर शेवंतीनंच दिलं, रात्रभरचा लाइट नको.

तावरजाकाठ
ठरलं. शनिवारी गावी जातोय. मागच्या दाराशी ९ वॅटचा पिवळसर बल्ब फोटोसेलवर, रात्रभर. त्याचा उजेड उंबरा आणि दोन पायऱ्या एवढाच. न्हाणीच्या वाटेवर आणि फाटकाला ३० वॅटचे दोन, माणूस आला की लागणारे. दोघांची बायपास बटणं आईच्या बाजेशी. खांबावरचा जुना बोर्ड काढून टाकायचा. अर्थिंगला नवा खड्डा, आणि आरसीसीबी.

वायरमन_उदगीर
बरोबर. बाहेरची वायर उघडी ओढू नका, पाइपातून, आणि पाइप खालून वर डब्यात शिरला पाहिजे म्हणजे पाणी आत उतरणार नाही. फिटिंग आयपी ६५ ची, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारी, घ्या.

चाकण_ते_कळंब
आणि बटण आधी आईला दाखव, मग खिळा ठोक. आमच्याकडं पहिलं बटण माझ्या हाताच्या उंचीवर बसलं होतं.

तावरजाकाठ
येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, करून आलो, म्हणून उशिरा लिहितोय.

काम डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच झालं. आईला बाजेवर निजायला सांगितलं, डोळे मिटून हात वर करायला सांगितला, हात जिथं टेकला तिथं पेन्सिलनं फुली मारली. बटणं तिथंच बसली. जमिनीपासून अडीच फुटांवर. फिटिंगवाला म्हणाला इतकं खाली कुणी लावत नाही. लावलं.

जुना बोर्ड उघडला तेव्हा आत मुंगळ्यांचं वारूळच होतं, माती दमट, एका वायरीचं आवरण खाल्लेलं. मी त्याचा फोटो काढून ठेवलाय.

येळवसच्या रात्री मुद्दाम बाहेर बसलो. अमावस्या, मिट्ट काळोख, थंडी. दाराचा छोटा बल्ब तेवढा चालू. फाटकाशी कुत्रं आलं, लाइट लागला, दीड मिनिटानं बंद झाला. मग आतून दोन्ही लाइट एकदम लागले. आईनं खिडकीतनं विचारलं, "कोण आहे रे तिथं?" म्हटलं, "मीच." "मग आत ये, गारठशील." लाइट बंद.

शेवंतीच्या शेंड्यांना ज्वारीच्या दाण्याएवढ्या हिरव्या कळ्या आल्यात. आईनं मोजल्यात, बावीस.

मांजरा_माई
बावीस! आईला माझा नमस्कार सांग. फुलली की एक फोटो टाक.

वायरमन_उदगीर
छान झालं दादा. आरसीसीबीवर "टेस्ट" लिहिलेलं छोटं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायला आईला शिकवलं का? दाबलं की खटका पडला पाहिजे. नाही पडला तर मला इथं कळवा.

तावरजाकाठ
शिकवलंय. दर चतुर्थीला दाबायचं ठरलंय, तिच्या लक्षात राहतं म्हणून. परवाच्या चतुर्थीला पडला खटका, फोन करून सांगितलं तिनं.